हनुवटीची सुई, मण्यारीचा दात

उंबरमाळी हे नाव मुंबईकराच्या कानावर धडपणे पडलं ते जुलै २०२१ मध्ये. कसाऱ्याच्या बाजूला बेफाम पाऊस झाला, रूळ बुडाले, पाणी फलाटाच्या कडेला येऊन टेकलं आणि त्या स्टेशनाचे फोटो देशभर फिरले. पुढे पाणी ओसरलं. बातमी त्याच्या आधीच ओसरली. तेव्हापासून खर्डी आणि कसाऱ्याच्या मधल्या, शहापूर तालुक्यातल्या या स्टेशनाची फारशी कुणी विचारपूस केलेली नाही. इन्स्टाग्रामनं मात्र केली. त्याच्याकडे दुजाभाव नाही. बांद्र्याच्या बाईला जे रील दाखवतो, तेच आवणी करून हातपाय धुऊन पडवीत टेकलेल्या पोरीलाही दाखवतो.

सध्या ते रील सांगतंय की तुमच्या हनुवटीला खड्डे आहेत.

कपाळाच्या आठ्या झाल्या, डोळ्यांच्या कडा झाल्या, ओठ फुगवून झाले. बाईमाणसाच्या चेहऱ्यावर दोष काढायला जागा उरली होती ती हनुवटीची. बाजारानं तीही सोडली नाही. हनुवटीत एक छोटा स्नायू असतो, मेंटॅलिस. खालचा ओठ वर ढकलणं हे त्याचं काम. रुसलेलं पोर ओठ पुढे काढतं तेव्हा हनुवटी गोळा होते, ती त्याच्याच जोरावर. काहींच्या बाबतीत हा स्नायू जरा जास्त कामसू असतो आणि बोलता-बोलता हनुवटीची कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसते. दुखत नाही, खुपत नाही, जेवणाखाण्याला आडवं येत नाही. कालपर्यंत याला रोग कुणी म्हणत नव्हतं. आज त्याच्यावर इलाज आहे, म्हणून तो रोग आहे. क्रम नीट पाहून घ्या, आजकाल बऱ्याच रोगांचा हाच आहे.

इलाज सोपा. खुर्चीत बसायचं. डॉक्टर म्हणतात, ओठ घट्ट मिटा, हनुवटी आवळा. हनुवटीवर बारीक बारीक खळगे उमटतात. ते पांढऱ्या पेन्सिलनं टिपायचे, कापसानं पुसायचं आणि केसासारख्या सुईनं एका-दोन ठिकाणी चार-आठ युनिट औषध सोडायचं. चहा निवायच्या आत काम आटपतं. तीन-चार दिवसांनी स्नायू ढिला पडू लागतो, पंधरवड्यात हनुवटी सपाट. सुई जरा बाजूला गेली तर शेजारचा स्नायू झोपतो, हसताना ओठ एकीकडे ओढला जातो आणि पुढचे काही आठवडे बाई फोटोत हसत नाही. सगळं नीट झालं तरी गुळगुळीतपणा टिकतो तीन-चार महिने. म्हणजे जूनमध्ये टोचलं की सप्टेंबरात उतरलं. पावसाळ्यापुरती हनुवटी. पुढचा हंगाम, पुढचं बिल. हप्त्यांचीही सोय असते.

शहापूरच्या या भागाला हनुवटीवरची सुई नवी नाही म्हणा. ठाकूर, कातकरी, कोळी समाजातल्या आज्यांच्या हनुवटीवर गोंदणाचे ठिपके आजही दिसतात. सुई, काजळी आणि गोंदणारणीचा हात. मेल्यावर अंगावरचा दागिना काढून घेतात, गोंदण तेवढं सोबत येतं, अशी त्यामागची समजूत. आजीनं एकदा कळ सोसली आणि जन्माची, किंबहुना जन्मानंतरचीही सोय केली. नातीची कळ दर चार महिन्यांनी. प्रगती म्हणतात ती ही असावी.

आता त्या बाटलीत काय असतं ते पाहू. विष असतं. शोभेचं, नावापुरतं नव्हे. जगात माहीत असलेल्या अतिजहाल विषांपैकी एक. बोटुलिनम. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत वुर्टेंबर्गमध्ये खराब सॉसेज खाऊन माणसं लुळी पडून मरत होती. तिथल्या युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरानं त्याचा छडा लावायला घेतला. हा गृहस्थ कवीही होता, त्यामुळे विष स्वतः चाखून पाहण्याइतका अव्यवहारीपणा त्याच्याकडे होता. पुढे १८९५ मध्ये बेल्जियमच्या एका गावात मयतीच्या जेवणातलं डुकराचं खारवलेलं मांस खाऊन वाजंत्री मंडळी आजारी पडली, काही दगावली. त्या मांसातून एमिल व्हॅन एर्मेंगेम यांनी या विषाचा जंतू शोधून काढला.

विषाला पहिल्यांदा चांगल्या कामाला लावलं ते अमेरिकेतले नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी. तिरळ्या डोळ्याचा ओढणारा स्नायू या विषाच्या थेंबानं सैल करायचा, शस्त्रक्रिया टाळायची. १९८९ मध्ये अमेरिकेनं त्याला मान्यता दिली. याच सुमारास कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये जीन कॅरुथर्स या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे पापण्या फडफडण्याच्या विकारावर इंजेक्शन घेणारी एक बाई म्हणाली, भुवयांमध्येही टोचा ना, तिथं टोचलं की आठ्या जातात. जीनबाईंचे यजमान कातडीचे डॉक्टर. संसारात एकानं आठ्या घालवायच्या आणि दुसऱ्यानं त्याचे पैसे घ्यायचे, असं जमून आलं. १९९२ मध्ये त्यांचा निबंध आला आणि २००२ मध्ये अमेरिकेनं भुवयांमधल्या आठ्यांसाठी हे विष मंजूर केलं. मग २०१३ मध्ये डोळ्यांच्या कडा, २०१७ मध्ये कपाळ, २०२४ मध्ये मानेवरचे पट्टे. हनुवटीचं नाव त्या यादीत नाही. तिथं टोचतात ते डॉक्टरच्या अनुभवावर आणि तुमच्या हौसेवर.

कुणी म्हणेल, विष असलं म्हणून काय झालं, मात्रेत घेतलं की औषध. अगदी मान्य. सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलाचे आखडलेले पाय याच इंजेक्शननं सैल होतात, अर्धांगाच्या झटक्यानंतर वळलेली मूठ उघडते, जुनाट अर्धशिशी आटोक्यात येते. आमचं भांडण औषधाशी नाही आणि हनुवटीशी तर नाहीच नाही. ज्याची हनुवटी, ज्याचे पैसे, त्याची मर्जी. फक्त टोचणारा हात डॉक्टरचा आहे आणि बाटली खरी आहे एवढं पाहा. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या अनेक राज्यांत बनावट किंवा भलत्याच ठिकाणी घेतलेल्या अशा इंजेक्शनांनी माणसं आजारी पडली, काहींना इस्पितळात ठेवावं लागलं. तिथं हे होतं, तर फेशियल आणि इंजेक्शन एकाच रेटकार्डावर छापणाऱ्या आपल्याकडच्या पार्लरांत काय होईल याचा विचार ज्यानं त्यानं करावा.

आमचं म्हणणं वेगळंच आहे. हे विष शरीरात नेमकं कुठं बसतं ते बघा. मेंदूचा हुकूम नसेतून स्नायूपर्यंत येतो. नस जिथं संपते तिथून असेटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं आणि स्नायू आवळतो. बोटुलिनम त्या टोकात शिरतं आणि रसायन सोडणारी यंत्रणाच कापून टाकतं. हुकूम निघतो, पोचत नाही. नसेला नवे कोंब फुटून काम पुन्हा सुरू व्हायला तीन-चार महिने लागतात. हनुवटी गुळगुळीत राहते ती तेवढीच.

नेमक्या याच टोकावर काम करणारं दुसरं एक विष आहे. त्याची जाहिरात येत नाही, त्याला हप्ते नाहीत आणि ते घरपोच मिळतं. मण्यारीचं.

शहापूर-मुरबाडच्या माणसाला मण्यारीची ओळख करून द्यावी लागत नाही. काळी-निळसर, अंगावर पांढऱ्या बारीक आडव्या रेघा. दिवसा मुकी, रात्री फिरणारी. पाऊस लागला, बिळांत पाणी शिरलं की ती कोरड्या जागेला येते आणि पाड्यावरच्या घरातली कोरडी जागा म्हणजे माणसं झोपतात ती जमीन. झोपेत माणूस कूस बदलतो, हात पडतो, ती चावते. नाग-घोणस चावली तर कळतं, सूज येते, आग होते. मण्यारीचे दात इतके बारीक की कित्येकदा माणसाला जागही येत नाही. खूण शोधून सापडत नाही. पहाटे पोटात मुरडा येतो, उलटी होते. घरचे म्हणतात, रात्रीचं बाधलं. ओवा देतात. तासाभरात पापण्या जड होतात, उघडायला सांगितलं तरी उघडत नाहीत. मग गिळता येत नाही, मान धरवत नाही, बोलणं घोगरं होतं. शेवटी छातीचे स्नायू हुकूम ऐकेनासे होतात. माणूस शुद्धीवर असतो, त्याला सगळं ऐकू येतं, फक्त श्वास घेता येत नाही.

हनुवटीतला चिमूटभर स्नायू झोपवायला शहरात पैसे मोजावे लागतात. इथं सगळेच स्नायू फुकटात झोपतात.

आणि हंगामही एकच, जून ते सप्टेंबर.

आता दोन्ही इंजेक्शनांचा प्रवास शेजारी शेजारी ठेवा. हनुवटीच्या विषाची बाटली अतिनाजूक. दोन ते आठ अंशांत थंड ठेवावी लागते, कारखान्यापासून दवाखान्यापर्यंत बर्फाची साखळी तुटता कामा नये. साता समुद्रापलीकडून ती येते, विमानतळावरून गोदामात, गोदामातून कल्याण-डोंबिवलीच्या दवाखान्यातल्या फ्रिजमध्ये. कुठं साखळी तुटत नाही, कुठं ‘साठा संपला’ची पाटी लागत नाही. ज्या मालाला गिऱ्हाईक आहे, त्याला रस्ता सापडतो.

सापाची लस, म्हणजे घोड्याच्या रक्तातून काढलेलं प्रतिविष, ते तर आपलं घरचं. परळच्या हाफकिनचं नाव त्यासाठी देशभर घेतलं गेलं. परळ आणि उंबरमाळी एकाच मध्य रेल्वेवर. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर मिळून एकच लस. बरं, ती वाळवलेल्या पुडीच्या रूपात मिळते, तिला बर्फाचेही लाड लागत नाहीत, खोलीतल्या कपाटात वर्षानुवर्षं राहते. सरकारी दवाखान्यात तिला पैसे पडत नाहीत. इतकी गुणी वस्तू, पण ती माणसापर्यंत वेळेत पोचेल की नाही, हे रात्री दोन वाजता पाड्यावरच्या कुणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

का येत नाही, याचं उत्तर एका ओळीचं नाही. पहिली गोष्ट, सुरुवातीलाच आठ-दहा बाटल्या लागतात. मोठ्या माणसाला जेवढ्या, लहान पोरालाही तेवढ्याच. कारण विष सोडताना सापानं वय विचारलेलं नसतं. दोनच बाटल्या कपाटात असणं म्हणजे नसणंच. दुसरी गोष्ट, लशीची रिअ‍ॅक्शन येऊ शकते, ती सावरायला हाताशी अ‍ॅड्रेनलिन आणि मनाशी धीर असलेला डॉक्टर लागतो. धीर नसला की डॉक्टर सुई उचलत नाही, पेन उचलतो आणि ‘पुढे न्या’ असं लिहितो. ग्रामीण महाराष्ट्रात सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं औषध हेच असावं. तिसरी आणि मण्यारीच्या बाबतीत सगळ्यांत मोठी गोष्ट: विष एकदा नसेच्या टोकात शिरलं की लस ते बाहेर ओढून काढत नाही. मग कृत्रिम श्वास लागतो. अँब्यु बॅग तर अँब्यु बॅग, व्हेंटिलेटर तर व्हेंटिलेटर, पण नस सावरेपर्यंत कुणीतरी त्या माणसाचा श्वास घ्यायला हवा. तेवढं केलं तर तो माणूस उठून बसतो, चालत घरी जातो. हे मरण टाळता येणारं आहे, म्हणून तर राग येतो.

रस्त्याचं गणित वेगळंच. पाड्यावरून डांबरी सडकेपर्यंत झोळी, सडकेवरून कसारा किंवा खर्डी, तिथून शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय, तिथून ठाणं. नाशिक महामार्गावर ट्रेलरांची रांग लागली असली तर १०८ ची गाडीही त्याच रांगेत. मुरबाडकरांचं आणखी बरं आहे. त्यांच्याकडे रेल्वे दर निवडणुकीत येते आणि मतमोजणीनंतर परत जाते. अशा वेळी माणूस आधी भगताकडे जातो. त्याला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. भगत चालत जाता येईल इतक्या अंतरावर असतो, रात्री दार उघडतो, ‘पुढे न्या’ म्हणत नाही. त्याच्या मंत्रानं विष उतरत नाही हे खरं, पण त्याची हजेरी शंभर टक्के. हे तीन गुण आपल्या यंत्रणेनं उचलले तर भगताचा धंदा आपोआप बसेल.

हे होऊच शकत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी महाडचं उदाहरण पुरे. डॉ. हिंमतराव बावस्कर. कोकणात लाल विंचवाच्या दंशानं माणसं पटापट जात होती. त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्तातली गोळी वापरून पाहिली, रात्र-रात्र रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या आणि ते काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. मरणाचं प्रमाण खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या साऱ्यात परदेशी यंत्र नव्हतं, बर्फाची साखळी नव्हती. एक गोळी होती आणि एक जागा डॉक्टर होता.

आकडे हवे असतील तर तेही आहेत. २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशानं गेली, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज. वर्षाला ५८ हजारांच्या घरात. बहुतेक खेड्यातली, बहुतेक पावसाळ्यात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये सर्पदंश दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातला. दुर्लक्षितांच्या यादीत नाव येणं हासुद्धा आपल्याकडे मानच समजायचा. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय कृती आराखडा काढला: २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर. त्याच वर्षाच्या शेवटी राज्यांना कळवलं की सर्पदंशाची नोंद सक्तीची करा. उत्तम. कागदावर फार गुळगुळीत दिसतं, एक खड्डा म्हणून नाही.

आणि ज्या शहराची हनुवटी आपण एवढी जपतो, ते तोंड कुठल्या पाण्यानं धुतं? तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतंय, भातसाही शहापुरातच. त्याच शहापुरात उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरची वाट पाहतात, हंडे रांगेत लागतात. पाणी खाली वाहतं हा निसर्गाचा नियम. सोयी मात्र वर चढत नाहीत हा आपला. धरणाचं पाणी शंभर किलोमीटर नळातून बिनचूक नेता येतं, तर दहा बाटल्यांचा एक खोका उलट दिशेनं आणायला काय अडचण आहे, हे कुणीतरी इंजिनीअरनं समजावून सांगावं.

असो. हनुवटी करायची असेल त्यांनी जरूर करावी, पावती घ्यावी. बाकीच्यांसाठी थोडी कामाची गोष्ट. पावसाळ्यात शक्यतो जमिनीवर झोपू नका. बाज असेल तर बाज, नसेल तर मच्छरदाणी तरी, आणि तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. रात्री बाहेर पडताना बॅटरी घ्या. चावलंच तर चिरू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. चावलेला हात किंवा पाय हलणार नाही असा फळीला बांधा आणि निघा. आणि पावसाळ्यातल्या पहाटे कुणाचं अचानक पोट दुखायला लागलं आणि पापण्या जड झाल्या, तर ओव्यात वेळ घालवू नका. खूण दिसत नसली तरी मण्यार समजा आणि थेट दवाखाना गाठा.

आणि येत्या ग्रामसभेत, सत्कार-समारंभ उरकले की, तीन प्रश्न उठून विचारा. आपल्या आरोग्य केंद्राच्या कपाटात आज सापाच्या लशीच्या किती बाटल्या आहेत? रात्री दोन वाजता ती टोचणारा डॉक्टर कोण, त्याचा फोन नंबर काय? श्वास बंद पडला तर जवळचा व्हेंटिलेटर कुठं आणि तिथपर्यंत न्यायला गाडी कोणती? उत्तरं तोंडी घेऊ नका. इतिवृत्तात लिहून घ्या, सही घ्या, फोटो काढा आणि दर महिन्याला तेच तीन प्रश्न पुन्हा विचारा. दर चार महिन्यांनी हनुवटीला आठवण करून देणारे लोक जर कंटाळत नाहीत, तर आपण का कंटाळावं?